काचेच्या बरणीतला रविवार

"जुलैची बरणी नासली," गुंडुला दारातूनच म्हणाली. वीब्के पाकिटं चिकटवत होती. तिच्या हातातलं पाकीट अर्धवट चिकटून तसंच राहिलं. गुंडुलाने चष्मा केसांत खोचला होता, म्हणजे यंत्रावरून उठून ती थेट इकडेच आली होती. "घरचं गं. सकाळी नवीन उघडलं. एवढा मोठा डोंगर आलाय कागदावर, बघत राहावं. कुणी काय खाल्लं होतं कोण जाणे!" आणि ती हसली. सिगारेटींनी खरखरीत झालेलं तिचं हसणं एरवी वीब्केला आवडायचं. आज आवडलं नाही. "जुलैची म्हणजे, कुठल्या तारखेची?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. "तिसरा सोमवार," गुंडुला म्हणाली, आणि कॉफी करायला निघून गेली.

ब्रेमेनच्या या संस्थेत माणसांच्या अंगात काय काय शिरलंय ते मोजायचं काम चालतं. पाण्यातून, हवेतून, डब्यांतून, खेळण्यांतून लोक जे नकळत गिळतात ते त्यांच्या रक्तात आणि लघवीत उतरतं; ते मोजायचं आणि कुणाच्या जिवाला किती धोका आहे ते सांगायचं. यंत्र शुद्धीवर आहे की नाही हे बघायला रोज सुरुवातीला त्याला एक ओळखीचा नमुना द्यावा लागतो. विकतच्या नमुन्यांवर गुंडुलाचा कधीच विश्वास नव्हता. म्हणून जुना रिवाज असा होता की पाळीपाळीने एकेकाने आपली रविवारची चोवीस तासांची लघवी सोमवारी घेऊन यायची, मोठ्या काचेच्या बरणीत ओतायची, ढवळायची, आणि छोट्या काचेच्या कुप्या भरून गोठवून ठेवायच्या. त्याला सगळे 'घरचं' म्हणत. घरचं म्हणजे स्वच्छ, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे तसं धरून चालत होते. आपण मोजणारे; ज्यांना मोजायचं ते कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारे, रंगाच्या दुकानांत राबणारे, दुसरे कुणीतरी. खाजगीपणाचा कायदा कडक, त्यामुळे बरणीवर नाव नसायचं, नुसती तारीख. पाळी कुणाची ते फळ्यावर लिहायचं आणि सोमवारी पुसून टाकायचं. जुलैचा तो रविवार कुणाचा होता हे आता एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस पाकिटं चिकटवत बसलं होतं.

वीब्के यान्सेनला सहावा महिना चालला होता. पोटात मुलगा होता. ऑक्टोबरच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून तो मुलगा असल्याचं दाखवलं, तेव्हा टाम्मो, तिचा नवरा, "नाक आमच्या घराण्याचं आहे" असं म्हणाला होता; बोट नाकावर नव्हतं तरी. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही तिच्या आईची शिस्त, आणि आईच्या आईची. दृष्ट लागते असं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण मनात तेच असतं. म्हणून उन्हाळ्यातले ते सगळे आठवडे ती गप्प राहून प्रयोगशाळेतच काम करत राहिली होती. बाराव्या आठवड्यात तिने संस्थेच्या प्रमुखांना, काम्पेसाहेबांना सांगितलं, आणि त्याच दुपारी कायद्याने तिला तिथून उठवून या खोलीत बसवलं. गरोदर बाईने रसायनांजवळ उभं राहायचं नाही. तेव्हापासून ती पालकांना निकालाची पत्रं पाठवत होती. जुलैचा तिसरा रविवार. तिने टेबलाखाली बोटांवर आठवडे मोजले. पुन्हा मोजले, या वेळी उलटे, नोव्हेंबरपासून मागे. दहावा आठवडा. मग ती सगळी बोटं मुठीत दाबून बसून राहिली.

बरणी देणाऱ्याने एक कागद भरायचा असतो. औषधं चालू आहेत का? नाही. गरोदर आहात का? तिने 'नाही'वर खूण केली होती. 'हो'वर केली असती तर दुपारपर्यंत गुंडुलाला कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत इमारतीला. एवढीशी खूण, पेनाचा एक फटकारा. त्या वेळी तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट जरा मजाच वाटली होती, की इथे सगळे माझ्या आतलं मोजणारे आणि कुणाला काही पत्ता नाही.

यंत्राने काढलेल्या रेघेतला तो डोंगर कशाचा, हे गुंडुलाने सांगायची गरज नव्हती. गुंडुला ज्याच्यासाठी धावत येईल असं एकच द्रव्य या महिन्यात यंत्राला शोधायला सांगितलेलं होतं. प्लास्टिकला मऊ ठेवणारं, वर्षानुवर्षं वापरलेलं आणि आता बंदी घातलेलं. गाभण उंदरिणींना ते दिलं की होणाऱ्या नरपिल्लांच्या अंगातला नरपण देणारा रस आटतो, आणि जे जसं घडायला हवं ते तसं घडत नाही. माणसांत किती आणि काय होतं हे छातीठोकपणे कुणीच सांगत नाही. पण घडायचे दिवस कुठले ते सगळ्यांना माहीत आहे. आठव्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत. पालकांना द्यायच्या माहितीपत्रकात हे वाक्य तिनेच लिहिलं होतं, 'घाबरून जाऊ नये' या वाक्याच्या आधी की नंतर, यावर तिचा आणि गुंडुलाचा अर्धा तास वाद झाला होता.

अकराच्या सुमाराला डॉक्टर काम्पे स्वतःच आले. उंच, वाकलेले, दाराच्या चौकटीखालून मान घालून येणारे. आज त्यांचा चेहरा मोकळा होता. "यान्सेनबाई, बालवाडीची एक्केचाळीस पत्रं थांबवा," ते म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचं, शुक्रवारपासून माझी झोप उडाली होती. नदीपलीकडच्या त्या बालवाडीतल्या सतरा पोरांत हे सापडलं, आणि साधंसुधं नाही. मी म्हटलं आता पालकांना काय तोंड दाखवायचं! पण घरच्या नमुन्यातही तेच निघालं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आपल्या अंगात कुठून येणार ते? उन्हाळ्यात आलेल्या खोक्यातलेच कप बालवाडीला दिले, त्यातल्याच बाटल्या आपण वापरल्या. प्लास्टिकच खराब आहे." "देव पावला," मागून गुंडुला म्हणाली, "आता त्या बाटलीवाल्याला असा फैलावर घेते की विचारू नका." वीब्केने ओठ ओले केले. "पण आपण मोजतो ते अंगात गेल्यावर तयार होणारं रूप," ती म्हणाली, "ते बाटलीत..." "थोडं बाटलीतही तयार होतं, नुसतं ठेवून दिलं तरी," काम्पे म्हणाले. "मीच शिकवलं ना तुम्हाला?" त्यांनी हे प्रेमाने म्हटलं. पत्राचा मजकूर त्यांनी उभ्यानेच सांगितला: नमुना तांत्रिक कारणाने बाद झाला आहे, वसंत ऋतूत आपल्याला पुन्हा बोलावू, तसदीबद्दल क्षमस्व. जाताना त्यांनी तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "आणि धाकटे यान्सेन काय म्हणतात?" ती म्हणाली, "मजेत आहेत."

मग ती खिडकीकडे तोंड करून बसली. प्लास्टिक खराब. किती सोपं होतं ते. ते दोन शब्द तिने मनात घोळवले, त्यांच्यावर टेकून बसायचा प्रयत्न केला. पण तिच्या रविवाराला प्लास्टिक लागलंच नव्हतं. जूनमध्ये वडील गेले, आणि जुलैत आठ दिवसांची रजा घेऊन ती एकटीच त्यांचं घर आवरायला गेली होती, आउरिशच्या पलीकडे, समुद्राच्या बांधाखालच्या त्या विटांच्या घरात. संस्थेने दिलेली बाटली ब्रेमेनमध्येच स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली होती. शनिवारी हे लक्षात आलं तेव्हा तिला हसू फुटलं, आणि तळघरातून तिने आईच्या चेरी भरायच्या बरण्या वर आणल्या. काचेच्या, झाकणही काचेचं, तारेने दाबायचं. रबराच्या चकत्या केव्हाच कुजून गेल्या होत्या. तीन बरण्या तिने उकळत्या पाण्याने धुतल्या. सोमवारी त्या मांडीवर उभ्या धरून ती आगगाडीने परत आली होती, वडिलांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून, आणि समोरची म्हातारी म्हणाली होती, "मुरांबा का? यंदा चेरी छान आहेत." सगळ्यांच्या आधी पोचून तिने त्या मोठ्या बरणीत रिकाम्या केल्या. नरसाळं? नरसाळंही काचेचं. हातमोजे घातले नव्हते. ती त्या सकाळचा एकेक क्षण उलटापालटा करून कुठे एखादा डाग सापडतो का ते बघत होती, एखादी चूक, एखादा घाणेरडा चमचा. जन्मभर ती नीटनेटकी म्हणून नावाजलेली. आज आपण जरा गलथान असायला हवं होतं असं तिला वाटलं.

आणि मग ती गादी. ती आठवली तेव्हा तिने खरोखर नाकावर हात धरला. पलंग पहिल्याच दिवशी शेजारचे लोक घेऊन गेले होते, म्हणून माळ्यावरून तिने मऊ प्लास्टिकची हवेची गादी काढली, एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने लाल. लहानपणी डेन्मार्कच्या किनाऱ्यावर तंबूत जायचे तेव्हाची. वडील गुडघे टेकून ती फुंकायचे आणि मधेच तोंड काढून म्हणायचे, "अजून दोन श्वास, वीब्के, मग तुझा बाप मेला." जुलैत तिने ती स्वतः फुंकली. तोंडात ते टोक धरून, फुप्फुसं भरभरून. त्या आठवड्यात उकाडा विलक्षण होता. छपराखालच्या खोलीत गादी घामासारखी चिकट होई, सकाळी गालावर तेलकट हात फिरवल्यासारखं वाटे, आणि वास येई: गोडसर, जड, बाहुलीच्या डोक्यासारखा. तिला तो वास आवडला होता. हेच आता सहन होत नव्हतं. रडून झाल्यावर ती मुद्दाम पालथी होऊन, तोंड गादीत खुपसून तो वास ओढून घ्यायची, कारण त्या वासात ती सात वर्षांची होती आणि वडील जिवंत होते. आठ दिवस. पोटाखाली ती गादी, आणि पोटात बोटाच्या पेराएवढा तो. तेव्हा ती त्याच्याशी बोललीसुद्धा होती. "हा तुझ्या आजोबांचा वास," असं म्हणाली होती.

तिने पत्रं टाइप करायला घेतली. हात चालत राहिले. काही बोलायचं कारण नव्हतं. बरणी ओतून देतील, डिसेंबरात दुसऱ्या कुणाची पाळी, यंत्र पुन्हा शुद्धीवर. तो डोंगर कुणाचाच नव्हता, आणि कुणाचाच नव्हता तोवर तो तिचाही नव्हता. बोललं की होईल. हे खुळचट आहे हे तिला कळत होतं. ती शिकलेली होती, आकडे तोंडाने बोलल्यावर खरे होत नाहीत हे तिला ठाऊक होतं. तरी ती जुनी शिस्त तिच्यात घट्ट बसली होती, आईची आणि आईच्या आईची: सांगायचं नाही. तिने सहा पत्रं केली. सातव्याला फोन वाजला.

"मी ओझ्देमिर, डेफ्नेची आई," बाई म्हणाली. "बालवाडीत कळलं की कप बाद झाले म्हणून. तुमचे कप खराब, की आमची पोरं खराब, एकदा काय ते सांगून टाका बाई." बालवाडीच्या मुख्याध्यापिकेला काम्पेसाहेबांनी फोन केला असणार. "तांत्रिक कारण आहे," वीब्के म्हणाली. "हो का? मी भल्या सकाळी कप घेऊन तिच्यामागे फिरतेय, ती ओरडतेय, आई मला संडासात जाऊ दे की गं! धाकटा तोच कप दुधाला मागतोय. एवढा तमाशा करून मी भरून दिला, आणि म्हणे तांत्रिक." ती हसत होती, पण हसण्याच्या कडेला काहीतरी ताणलेलं होतं. वीब्केला ते लगेच ओळखू आलं, कारण तिचं स्वतःचंही सकाळपासून तसंच होतं. आणि मग, विचारू नये हे माहीत असून, तिने विचारलं, "दुपारी झोपते का ती बालवाडीत?" "झोपते की. ती कसली, सगळी बारकी पोरं झोपतात. जमिनीवर गाद्या टाकतात ना, निळ्या. व्यायामशाळेच्या जुन्या, उन्हाळ्यात कुणीतरी देऊन टाकल्या. घरी आली की गालाला वास येतो त्याचा, मी रोज साबणाने धुते. का हो?" वीब्केने केलेली सहा पत्रं पालथी घातली. "का विचारलंत? हॅलो? काय झालं?" "मी कळवते," ती म्हणाली. "आज. आजच कळवते तुम्हाला."

कॉरिडॉर तीस पावलांचा होता. अर्ध्यावर ती थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. वसंत ऋतू म्हणजे मार्च. चार महिने दुपारी सतरा पोरं, नव्हे, सगळीच पोरं, गाल टेकून झोपणार. हे तिला पायांनी कळत होतं. पाय पुढे जायला तयार होते. मागे ओढत होतं ते पोट. तिला आठव्या वर्गातलं आठवलं, कुणाचीतरी दौत तिने सांडली होती आणि सगळ्या वर्गाला शिक्षा झाली तरी ती बोलली नव्हती. प्रयोगशाळेच्या दारावर लाल पाटी होती, गरोदर स्त्रियांना प्रवेश नाही. ती दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, ते प्लास्टिक नाही. बरणी माझी आहे."

गुंडुला हसायला लागली होती, ती मधेच थांबली. वीब्केने सगळं सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून, क्रम सोडून. चेरीच्या बरण्या आधी, वडील नंतर, गादी शेवटी. काम्पेंनी विचारलं, "काच होती, नक्की? झाकण?" "तेही काचेचं." "रबर?" "नव्हतं." ते प्रश्न विचारत राहिले, एकामागून एक, आणि तिच्या लक्षात आलं की तेही तोच डाग शोधतायत, तिच्यासाठी. त्यांना तो सापडला नाही. "अगं, पण कागदावर तू 'नाही'वर खूण केलीस," गुंडुला म्हणाली. "खोटी केली." "म्हणजे तेव्हा तुला... कितवा आठवडा होता?" "दहावा." गुंडुलाने तोंडावर हात नेला. तिने आठ ते चौदा हे आकडे मनातल्या मनात ताडले, हे वीब्केला तिच्या डोळ्यांत दिसलं. सकाळपासून जे फक्त तिच्या आत होतं ते आता दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटलं होतं, आणि तिकडे बघवत नव्हतं.

काम्पे उठले आणि त्यांनी बालवाडीला फोन लावला. "गाद्या बाहेर काढा. आत्ता. झोपली असतील तर उठवा," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला मघाचा मोकळेपणा पार गेला होता. वीब्केने डेफ्नेच्या आईला कळवलं. ती बाई या वेळी हसली नाही. नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवायला विसरली, पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला. मग वीब्केने टाम्मोला फोन केला. तो वेझर नदीवर बोट चालवतो, मोठ्या जहाजांना धक्क्यापर्यंत ओढत आणायची. इंजिनाच्या आवाजात तिने एवढंच सांगितलं, की माझ्या जुलैच्या नमुन्यात काहीतरी निघालंय, बाळाला चांगलं नाही असं. आज पुन्हा बघतायत. तो म्हणाला, "थांब, थांब, काय?" तिला त्याचा श्वास ऐकू आला.

आजचा नमुना घ्यायची कल्पना गुंडुलाची. "आत्ताच्या आत्ता दे. मी स्वतः चालवते, बाकी सगळं बाजूला. बघू तरी." वीब्केने नको म्हटलं नाही. काचेचा पेला घेऊन ती गेली, दार लावलं, आणि पोटामुळे खाली काही दिसत नव्हतं म्हणून अंदाजाने तो धरून बसली. आयुष्यभर तिने लोकांचे असे पेले हाताळले होते, त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. आत बसलेल्या माणसाला काय वाटतं याचा तिने कधी विचार केला नव्हता. पेला हातात कोमट झाला. बाळाने कुशीवर वळावं तशी हालचाल केली, आणि तिला त्याची इतकी भीती वाटली, त्याच्याबद्दल नव्हे, त्याचीच, तो उद्या मोठा होऊन काय विचारेल याची, की ती तिथेच बसून रडली. रडणं झाल्यावर तिने पेल्यावर तारीख लिहिली. खाली नाव लिहिलं, पूर्ण.

साडेतीनला गुंडुला पळत आली. हातात कागद, चष्मा डोळ्यांवर, डोळ्यांत पाणी. "काही नाही! बघ, सपाट! एवढीशी टेकडीसुद्धा नाही!" तिने वीब्केला कवटाळलं, पोट मधे आलं तसं तिने पोटालाही कवटाळलं. कागदावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे गेलेली. वीब्केने ती बघितली. गुंडुलाच्या खांद्यावरून तिला दारात उभे असलेले काम्पे दिसले. ते आनंदले नव्हते. "ते दोन दिवसांत अंगातून निघून जातं," ते हळूच म्हणाले, कुणाकडेही न बघता. "हो," वीब्के म्हणाली. जुलैत जे झालं असेल ते जुलैत झालं. आजच्या रेघेला त्याची काही खबर नव्हती, आणि कुठल्याही रेघेला असणार नव्हती. जन्माला येईल, मोठा होईल, तेव्हाच काय ते कळेल. कदाचित तेव्हाही नाही. गुंडुला मिठी सोडायला तयार नव्हती.

फोन वाजला. टाम्मो होता. तो धक्क्यावर आला असावा, इंजिन बंद होतं. "काय आलं?" त्याने विचारलं. एवढ्या बारीक आवाजात तो बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"काही नाही आलं," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

पलीकडून आधी एक हुंदका आला, मग हसू, मग तो बाजूला तोंड करून कुणाला तरी ओरडून सांगू लागला, "काही नाही रे! पोरगं ठणठणीत आहे!" आणि बोटीवरचे आणखी दोघेतिघे ओरडले. कुणीतरी भोंगा वाजवला. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, दोन दिवसांचं, जुलैचं. तो परत फोनवर आला आणि हसतहसत म्हणाला, "वीब्के? ऐकतेयस ना? जीव घेतला होतास तू आज माझा."

"ऐकतेय," ती म्हणाली, आणि त्याला हसू दिलं.